इतर

तराजूसाहेब हे नाव त्यांना हाताखालच्या लोकांनी ठेवलं होतं, आणि चूक त्यांचीच होती. वीजमंडळाच्या नियंत्रण कक्षात नवा माणूस रुजू झाला की ते त्याला समोर बसवून सांगायचे, "हे बघ बाबा, वीज म्हणजे डब्यात भरून फळीवर ठेवायची वस्तू नाही. लोक या क्षणाला जेवढी वापरतात तेवढीच या क्षणाला तयार व्हायला हवी. एक पारडं जड झालं की आटोपलाच कारभार." सांगताना दोन्ही तळहात वरखाली करायचे. झालं, नाव चिकटलं. निवृत्ती जवळ आली तरी सुटलं नाही, आणि त्यांनीही सोडवायची खटपट केली नाही. एवढी ताकद कुणात होती?

कारण साहेब दमले होते. आज दमले, उद्या झोपून उठले की ताजे, असं ते दमणं नव्हतं. ते हाडांत उतरलं होतं. त्यांच्या खुर्चीच्या हाताला चिकटपट्टी गुंडाळलेली होती, तीही आता सुटायला लागली होती.

खुर्चीसमोरच्या भिंतीवर भलामोठा फळा, पडद्याचा. त्यावर एक गोल, आणि त्या गोलात वीज कुठून कुठून येते त्याच्या रंगीत फोडी. उन्हाची पिवळी, पाण्याची निळी, वाऱ्याची हिरवी, कोळशाची करडी, बॅटऱ्यांची नारिंगी. शेवटची जांभळी फोड म्हणजे नुसती रेघच. तिच्यावर लिहिलेलं असे 'इतर'. कचरा जाळून वीज करणारं एक केंद्र, एका कारखान्याची उरलीसुरली वाफ, असलं किडूकमिडूक त्यात टाकलेलं. गोलाच्या वर दोन आकडे. एक मागणीचा, किती मेगावॅट ते सांगणारा. दुसरा पन्नासच्या आसपास घोटाळणारा, म्हणजे साऱ्या जाळ्याची नाडी. तो कधी स्थिर नसतो. जरा खाली, जरा वर, सतत थरथरत असतो. पन्नासच्या फार खाली गेला तर कुणाची तरी वीज तोडावीच लागते, नाहीतर सगळीच जाते.

कोळशाची बहुतेक जुनी केंद्रं एकेक करून बंद झाली होती. धूर गेला, हवा सुधारली, चांगलंच झालं. वाईट कोण म्हणतंय? पण ऊन मावळतं नेमकं लोक घरी येऊन दिवे-पंखे लावतात तेव्हा. दुपारी वीज ऊतू जाते, घ्या हो कुणीतरी म्हणून शेजारच्या मंडळांच्या विनवण्या कराव्या लागतात, आणि दिवेलागणीला त्याच शेजाऱ्यांपुढे हात पसरायचे. याला कक्षातले लोक उसनवारी म्हणत. फोनवर बोलणी व्हायची आणि त्याची एक ठरलेली पद्धत होती. किती, किती वाजता, परत कधी, हे तिन्ही बोलायचं. समोरच्याने ते शब्दाला शब्द परत म्हणायचं. मग व्यवहार पक्का. दुपारची घेतली तर दुपारची फेडायची, संध्याकाळची घेतली तर संध्याकाळची. जातीला जात.

आणि कुणीच उसनी दिली नाही तर अंधाराची पाळी. शहराच्या एकेका भागाची वीज क्रमाने थोडा थोडा वेळ बंद. पूर्वी या क्रमात फोन चालायचे. अमक्याच्या बंगल्याचा भाग वगळा, तमक्याच्या सासऱ्यांचा वगळा. तराजूसाहेब कक्षाचे प्रमुख झाले आणि त्यांनी ते बंद करून टाकलं. कुणालाही सूट नाही. "उद्या माझ्या घराची पाळी आली तर माझं घर अंधारात," असं ते सगळ्यांदेखत म्हणाले होते. तेव्हा घरातली माणसं ठणठणीत होती. बोलायला काय जातं?

आता घरात पत्नीच्या नाकाला नळी होती. फुप्फुसांनी हात टेकले होते, आणि खोलीतली हवा खेचून तिच्यातला प्राणवायू पुरवणारं यंत्र दिवसरात्र पलंगाशेजारी घरघरत असायचं. त्याची स्वतःची बॅटरी जेमतेम, अर्ध्या तासात मान टाकणारी. म्हणून कोपऱ्यात सिलिंडर. साहेबांची थोरली बहीण, ताई, हे सगळं बघायला येऊन राहिली होती. घर पाण्याच्या टाकीच्या वस्तीत, आणि टाकीची वस्ती इतर सगळ्या वस्त्यांसारखीच पाळीच्या क्रमात. दोनदा पाळी आली, दोन्ही वेळा सिलिंडरवर निभावलं. साहेबांनी स्वतःच्या हाताने तो भाग बंद केला होता.

त्या दिवशी संध्याकाळी ताईंचा फोन आला. "अरे, तो सिलिंडर भरून आलाच नाही. माणूस म्हणतो गाडी बिघडलीय, उद्या सकाळी. आज वीज घालवू नका रे बाबांनो."

"नाही जात," साहेब म्हणाले. तसं म्हणायला त्यांच्याकडे काही आधार नव्हता.

शेजारच्या टेबलावर पवनबाई बसायच्या. वाऱ्याचा अंदाज बांधायचं काम त्यांचं, म्हणून हे नाव. तोंडाने फटकळ, पण कामाला चोख. त्यांनी पडद्यावरून नजर न काढता सांगितलं, "साहेब, वारा गेला. आता पाया पडलात तरी येणार नाही."

"बॅटऱ्या?"

"तळाला."

हिरवी फोड डोळ्यांदेखत मिटत गेली. पिवळी तर केव्हाच संपली होती. साहेबांनी उसनवारीसाठी एक शेजारी गाठला, दुसरा गाठला; सगळ्यांनी काखा वर केल्या. नाडीचा आकडा घसरू लागला. पाळीच्या क्रमात पुढचं नाव टाकीच्या वस्तीचं होतं.

बाईंना ते दिसत होतं. साहेबांच्या घरी काय आहे तेही त्यांना माहीत होतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पुढचा भाग घेऊ या का हो? एकदाच. कोण विचारणार आहे?"

साहेबांनी मान हलवली. होकार की नकार ते त्यांनाही कळलं नसेल. बोट वीज तोडायच्या कळीवर होतं आणि हलत नव्हतं. एक घर वगळलं की मग कुठलंच घर न वगळण्याला काही अर्थ उरत नाही, हे त्यांना पुरतं कळत होतं. आणि पलंगावरचा तो चेहराही डोळ्यांसमोरून जात नव्हता.

तेवढ्यात त्यांना वाटलं की जांभळी रेघ जरा रुंद झाली आहे.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. झाली होती. टेबलावर थेट फोनच्या कळांची रांग होती, प्रत्येक मोठ्या केंद्राला एक. किडूकमिडुकांना मिळून शेवटची एकच. साहेबांनी ती दाबली. घंटा वाजलीच नाही. जणू पलीकडे कुणी कानाला लावूनच बसलं होतं.

"बोला."

आवाज बाईचा की पुरुषाचा ते कळत नव्हतं. दमलेला मात्र होता. साहेबांना तो कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला.

"कोण बोलतंय? कचरा केंद्र का?"

"इतर."

"अहो, इतर म्हणजे कोण?"

नाडीचा आकडा आणखी खाली आला. पवनबाई म्हणाल्या, "साहेब, आता तोडायलाच हवं."

"जास्तीची आहे का तुमच्याकडे?" साहेबांनी विचारलं.

"किती हवी?"

लागणार होती पावणेदोनशे मेगावॅट. सगळी किडूकमिडुकं मिळून तिचा दहावा हिस्सा देऊ शकली नसती, हे साहेबांइतकं कुणाला माहीत? आणि तरी, सगळं आयुष्य ज्या पद्धतीत गेलं ती पद्धत त्या क्षणी त्यांच्या हातून सुटली. किती नाही, केव्हा नाही, परत कधी नाही. ते म्हणाले, "लागेल तेवढी द्या. उसनी. मागाल तेव्हा परत, मागाल ते परत."

शिकाऊ पोरानेसुद्धा केली नसती अशी चूक. पण दमलेला माणूस होता, आणि घरी सिलिंडर नव्हता.

पलीकडून शब्दाला शब्द आलं, "लागेल तेवढी देतो. उसनी. मागू तेव्हा परत, मागू ते परत."

जांभळी फोड उघडली. सावकाश, काही घाई नसल्यासारखी. आकडा पन्नासवर आला आणि तिथेच थांबला.

"सुटलो बाई!" पवनबाईंनी पाठ टेकली. थोड्या वेळाने त्या पुन्हा पुढे वाकल्या. "साहेब, आकडा अडकला वाटतं. हलतच नाहीये."

खरंच हलत नव्हता. इतक्या वर्षांच्या नोकरीत साहेबांनी तो थरथरायचा थांबलेला कधी पाहिला नव्हता.

ते घरी पोचले तेव्हा सगळ्या वस्तीत दिवे होते. त्यांच्या जिवात जीव आला. कोपऱ्यावरच्या रोहित्राजवळून जाताना पाय मात्र अडखळला. रोहित्र गुणगुणतं; वीज वाहत असली की गुणगुणतंच. आज ते गप्प होतं. फाटकावरच्या दिव्याभोवती रोज किडे घोंघावायचे, ताई कटकट करायच्या. आज एकही किडा नव्हता.

"यंत्र बंद पडलं की काय म्हणून मी तीनदा बघून आले," ताई म्हणाल्या. "चालू आहे, पण आवाज म्हणून नाही. दुरुस्तीवाला न येताच सुधारलं म्हणायचं."

पत्नी उशीला टेकून बसली होती. चेहरा बरा दिसत होता. "अहो, आज हवा कशी गार येतेय," ती म्हणाली. "कुठून येते कोण जाणे. पण छान वाटतंय." साहेबांनी नळीला हात लावला. ती विहिरीतल्या पाण्यासारखी गार होती. तिला बरं वाटतंय ना, मग कशाला नसता कीस काढायचा?

पुढच्या संध्याकाळी त्यांनी कुणालाही फोन केला नाही. ऊन उतरलं, वारा पडला, आणि जांभळी फोड आपली आपण उघडली. त्याच्या पुढच्या संध्याकाळीही. अंधाराची पाळी बंद झाली. मोठे साहेब, म्हणजे मंडळाचे प्रमुख, स्वतः जिने चढून आले आणि साहेबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काय जादू केलीत हो? अखंडित पुरवठा! आपलं नाव झालंय सगळीकडे."

"साहेब, ही वीज कुठून येते ते मला माहीत नाही," तराजूसाहेब म्हणाले.

"इतरमधून येते ना? लिहिलंय की तिथे." मोठ्या साहेबांना जांभई आली. ती आवरत ते म्हणाले, "येतेय तर येऊ द्या. कशाला उगाच झोपलेल्याला उठवता?"

तराजूसाहेबांनी कचरा केंद्रात फोन लावला, साधा, बाहेरचा. तिथला माणूस म्हणाला, "आमची भट्टी दुरुस्तीला काढलीय साहेब. महिना झाला, एक दिवा लागेल एवढीसुद्धा देत नाही आम्ही." कारखान्यातही तेच उत्तर. मग तो पुरवठा तोडून तरी बघावा म्हणून त्यांनी सगळ्या वाहिन्या तपासल्या. तोडायला वाहिनीच नव्हती. ती वीज जाळ्यात कुठून शिरत नव्हती. ती नुसती असायची. कळ दाबली तर पलीकडे नुसता श्वासासारखा आवाज, बोलणं नाही.

आणि सगळं शहर जांभया द्यायला लागलं होतं. बसचा चालक थांब्यावर डोळे मिटून बसायचा, मागचे वैतागायचे आणि मग तेही जांभई द्यायचे. चहावाला उकळत्या चहात बोट घालून बघायचा, कारण वाफ यायची पण चटका लागायचा नाही. पवनबाईंचा फटकळपणा आटला. "झोप होते हो साहेब," त्या म्हणाल्या, "पण उठल्यावर वाटतं, कुणीतरी माझी झोप झोपून गेलं."

फक्त पत्नी सुधारत होती. पलंगावरून उठून खिडकीपर्यंत जाऊ लागली. एका सकाळी तिने ताईंना चिडवलं, "तुमची डाळ अळणी असते हे आता मला कळायला लागलं बरं का." ताई खोटंखोटं रागावल्या. साहेब दाराआड उभे राहून ऐकत होते. किती दिवसांनी घरात कुणीतरी हसत होतं. ते आनंदाने रडले आणि मग भीतीने रडले, आणि कामावर गेले.

त्याच दिवशी, भर दुपारी, शेवटची कळ पेटली.

बाहेर लख्ख ऊन होतं. गोल जवळजवळ सगळा पिवळा झाला होता. साहेबांनी फोन कानाला लावला.

"परत," आवाज म्हणाला.

साहेबांना हायसं वाटलं. वेडे आहोत आपण, त्यांना वाटलं; अखेर व्यवहारच होता. "घ्या की! वाटेल तेवढी घ्या. ऊन ऊतू जातंय आमच्याकडे."

"उन्हाची नको. जातीला जात."

"मग संध्याकाळी घ्या. पाण्याची देतो, कोळशाची देतो."

"आम्ही दिली ती तुमची नव्हती. तिची जात वेगळी."

"मग काय हवं?"

"जिथे वापरली तिथलं. पहिली कुठे वापरली?"

पहिली टाकीच्या वस्तीत. एका पलंगाशेजारी. त्यांनी मुदत मागितली. तो ठराव बरोबर नव्हता, आकडाच बोलला गेला नव्हता, असं सांगितलं. माझं घ्या, मी म्हातारा आहे, असंही म्हणाले. आवाज वाट बघत होता. त्याला वाट बघायची सवय असावी.

"तिला नाही," साहेब म्हणाले. "तिला आत्ता कुठे बरं वाटतंय हो."

मग त्यांच्या तोंडून ते निघालं. आजवर बंगल्यावाल्यांना, कुणाच्या सासऱ्यांना, कुणालाही त्यांनी जे म्हणू दिलं नव्हतं, तेच.

"माझं घर वगळा. बाकी काय हवं ते घ्या."

"तुमचं घर वगळतो," आवाज म्हणाला. "बाकी हवं ते घेतो."

फोन बंद झाला.

काहीही घडलं नाही. साहेबांनी रुमालाने मान पुसली. पवनबाईंना काय सांगावं याची त्यांनी मनातल्या मनात जुळवाजुळव केली.

मग मागणीचा आकडा खाली येऊ लागला.

कुणी काही तोडलं नव्हतं. एकही वाहिनी बंद झाली नव्हती. लोक एकेक करून हात धुऊन निघून जावेत तसा तो आकडा उतरत होता. त्याच्या मागोमाग पिवळी फोड, निळी, करडी. नाडी पन्नासवर, निश्चल.

"बाई," साहेब म्हणाले. "बाई, हे बघा."

पवनबाई आपल्या पडद्याकडे बघत होत्या. हात टेबलावर, डोळे उघडे. चेहऱ्यावरचा सगळा थकवा गेला होता. साहेबांनी त्यांच्या खांद्याला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

ते खिडकीशी गेले. खाली थांब्यावर बस उभी होती, दार उघडं. एकजण पायरीवर एक पाय ठेवून उभा होता. साहेब बराच वेळ बघत राहिले. त्याने दुसरा पाय उचलला नाही.

कुठेही हॉर्न नव्हता.

त्यांनी घरी फोन लावला. नंबर तीन वेळा चुकला. पहिल्याच घंटेला पत्नीने उचलला, आणि तिचा आवाज लग्न झालं तेव्हासारखा मोकळा होता.

"अहो, तुम्ही! आत्ता या वेळी कसा केलात?"

"तू बरी आहेस ना? यंत्र?"

"चालू आहे. आज चांगलं घरघरतंय, पूर्वीसारखं." ती हसली. "शेजारचं बाळ सकाळपासून रडून रडून घर डोक्यावर घेत होतं. आत्ता गप्प झालं बघा एकदाचं. किती शांत वाटतंय."

साहेबांनी भिंतीला हात टेकला. आपण दमलेलो नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्यांनी छातीत काही हलतंय का म्हणून थांबून पाहिलं, आणि मग बघायचं सोडून दिलं.

"ऐकताय ना? लवकर या घरी. थांबा, ताई काहीतरी म्हणतायत." तिने आत विचारलं, ऐकलं, आणि पुन्हा फोनवर आली. "चहा टाकतायत. नवीन विजेच्या किटलीत, बघा तरी."

फळ्यावरच्या मागणीच्या आकड्याला दशांश चिन्हानंतर तीन स्थळं होती. त्यांच्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. आता तेवढीच उरली होती. शून्य, शून्य, एक. एका घरापुरती.

फोनमध्ये किटलीची कळ टक्‌कन वाजली.

शून्य, शून्य, दोन.